‘लोकभाषेत प्रार्थना आली’ या एका वाक्याबद्दल : जगाच्या इतिहासाची मराठी पुस्तकं लिहिणाऱ्यांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी अनेकांच्या पुस्तकांवर मी वाढलो आणि पुढे बावीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात त्याच पुस्तकांच्या आधाराने इतिहास शिकवला. त्या नात्याने, थोड्या हक्काने, हे पत्र लिहितो आहे.

सोळाव्या शतकातल्या इंग्लंडवरचं प्रकरण आपल्याकडे साधारण एकाच वळणाने जातं. आठव्या हेन्रीला राणीपासून मोकळं व्हायचं होतं, पोप तयार झाला नाही, 1534 मध्ये राजा स्वतःच इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख झाला. मग मठ बंद झाले. हेन्रीनंतर त्याचा लहान मुलगा सहावा एडवर्ड गादीवर आला, लॅटिन जाऊन इंग्रजी प्रार्थनापुस्तक आलं. आणि प्रकरणाच्या शेवटी ते वाक्य येतं : अशा रीतीने धर्म लोकांच्या भाषेत आला. हे वाक्य मी स्वतः फळ्यावर लिहिलं आहे. उत्तरपत्रिकेत ते सापडलं की पूर्ण गुण दिले आहेत.

निवृत्तीनंतर वाचायला सवड मिळाली आणि 1549 च्या उन्हाळ्याची हकिगत हाती लागली. तेव्हापासून हे वाक्य मला स्वस्थ बसू देत नाही. कोणते लोक, आणि कोणाची भाषा, हे मी बावीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

एडवर्ड गादीवर आला तेव्हा नऊ वर्षांचा होता. कारभार त्याचा मामा, ड्यूक ऑफ सॉमरसेट, पाहत होता आणि धर्माचा कारभार कँटरबरीचा आर्चबिशप थॉमस क्रॅनमर. 1547 पासून हुकुमांवर हुकूम सुटले. संतांच्या मूर्तींपुढे मेणबत्त्या लावायच्या नाहीत. मिरवणुका बंद. मग मूर्तीच काढा. मेलेल्यांच्या आत्म्यासाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, व्हावी म्हणून लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या ठेवलेल्या देणग्या सरकारजमा. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलमधल्या हेल्स्टन गावात एप्रिल 1548 मध्ये मूर्ती हटवायला आलेला विल्यम बॉडी हा सरकारी माणूस जमावाने ठार केला. त्यातून लंडनने काही धडा घेतला नाही. जानेवारी 1549 मध्ये पार्लमेंटने कायदा केला की त्या वर्षीच्या पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या रविवारपासून, म्हणजे 9 जूनपासून, सगळ्या देशात एकच पुस्तक वापरायचं आणि ते इंग्रजीत. ते वापरायला नकार देणाऱ्या धर्मगुरूला पहिल्या वेळी सहा महिने कैद आणि वर्षाच्या उत्पन्नावर पाणी, दुसऱ्या वेळी वर्षभर कैद आणि पदावरून हकालपट्टी, तिसऱ्या वेळी जन्मठेप. आपल्या पुस्तकांत ‘प्रार्थना लोकभाषेत आली’ असं छापतो तेव्हा ती या वाटेने आली होती, हे तरी सांगायला हवं.

9 जूनला कॉर्नवॉलशेजारच्या डेव्हन परगण्यातल्या सॅम्पफर्ड कोर्टनी या खेड्यात नवं पुस्तक वाचलं गेलं. दुसऱ्या दिवशी गावकऱ्यांनी धर्मगुरूला अडवलं आणि सांगितलं, आम्हाला आमची जुनी उपासना हवी. त्याने जुनी वस्त्रं चढवली आणि लॅटिनमध्ये मिस्सा म्हटली. या उठावात पुढे असलेल्यांपैकी एक शिंपी होता, एक मजूर. समजूत घालायला आलेल्या विल्यम हेलियन्स नावाच्या माणसाला चर्चच्या घराच्या पायऱ्यांवर कोयत्याने मारलं. हेही लपवू नये. इथून मागे फिरायला कोणालाच वाट राहिली नाही.

आता वर्गात हमखास येणारा प्रश्न. शिंप्याला आणि मजुराला लॅटिन येत होतं का? नव्हतं. मग ते त्यासाठी जीव का देत होते? याचं उत्तर आपल्याला परकं नाही. आपल्या लग्नात होमापुढचे मंत्र घरातल्या किती जणांना कळतात? तरी ‘मराठीत बोला आणि आटपा’ असा सरकारी हुकूम निघाला तर काय होईल, याचा अंदाज कोणालाही करता येईल. जुनी मिस्सा ऐकण्यापेक्षा पाहण्याची होती. घंटी वाजते, धर्मगुरू पवित्र भाकर उंच धरतो, लोक गुडघे टेकतात, धुपाचा वास, आजी-आजोबांच्या नावाने जळणारी मेणबत्ती. शब्द कळत नसले तरी काय चाललं आहे हे पक्कं कळत होतं. नव्या पद्धतीत शब्द कळायला लागले आणि बाकीचं सगळं हरवलं. बंडखोरांनी आपल्या मागण्यांत लिहिलं की ही नवी उपासना आम्हाला नाताळातल्या खेळासारखी वाटते, ती आम्ही घेणार नाही.

त्याच मागण्यांच्या यादीत ते कलम आहे ज्यासाठी मी हे पत्र लिहितो आहे. आम्ही कॉर्नवॉलचे लोक, ज्यांच्यातल्या काहींना इंग्रजी समजत नाही, ही नवी इंग्रजी साफ नाकारतो. कॉर्नवॉलच्या पश्चिम भागात तेव्हा कॉर्निश बोलली जात होती. ती इंग्रजीची बोली नव्हे. वेल्श आणि फ्रान्समधल्या ब्रिटनीतल्या ब्रेटन भाषेची ती बहीण. त्या भाषेत संतकथांची आणि बायबलमधल्या प्रसंगांची लांबलचक नाटकं उघड्यावर, गोल रिंगणात होत असत. पेनरिन गावातलं ग्लॅस्नी हे धर्मपीठ त्या विद्येचं माहेरघर मानलं जातं. ते 1548 मध्ये सरकारने बंद केलं. म्हणजे ज्याला आपण लोकभाषा म्हणतो आहोत ती या लोकांसाठी राजाची भाषा होती.

यावर लंडनचं उत्तर काय आलं? लॅटिन तरी तुम्हाला कुठे कळत होतं, मग इंग्रजी न कळण्याची तक्रार का? वाद जिंकायला हे उत्तर ठीक आहे. पण लॅटिन कोणाचीच नव्हती, म्हणून ती सर्वांची होती. इंग्रजी मात्र शेजारच्यांची होती, जमीनदारांची, कर वसूल करणाऱ्यांची, कोर्टाची. क्रॅनमरने बंडखोरांच्या एकेका कलमाला सविस्तर उत्तर लिहिलं. त्यात तो त्यांना पुन्हा पुन्हा डेव्हन-कॉर्नवॉलचे अडाणी लोक म्हणून हाक मारतो. कॉर्निशमध्ये प्रार्थनापुस्तक करून देऊ, असं कोणी म्हटलं नाही. वेल्श लोकांसाठी मात्र 1563 मध्ये कायदा झाला, 1567 मध्ये वेल्श प्रार्थनापुस्तक आणि नवा करार छापला गेला, 1588 मध्ये संपूर्ण बायबल. वेल्श आजही लाखो लोक बोलतात. कॉर्निशला चर्चमध्ये अशी जागा मिळाली नाही. ती मरायला इतरही कारणं होती, हे मान्य. पण जन्मभाषा म्हणून ती बोलणाऱ्यांतली शेवटची समजली जाणारी डॉली पेंट्रीथ 1777 मध्ये गेली तेव्हा वेल्समध्ये चर्चच्या बाकांवर तान्ही मुलं वेल्श ऐकत होती.

इथे मराठी लेखकाने आणि मराठी शिक्षकाने जास्त सावध असायला हवं, असं मला मनापासून वाटतं. ‘देवाची गोष्ट लोकांच्या भाषेत’ हे शब्द ऐकले की आपलं मन लगेच नेवाशाला जातं. शके 1212, ज्ञानेश्वर, पैसाचा खांब. तिथे कोणा राजाचं फर्मान नव्हतं, नकार देणाऱ्याला तुरुंग नव्हता. ज्याला ऐकायचं तो ऐकायला येऊन बसला आणि ओवी घेऊन घरी गेला. आपण नेवाशाचा उजेड नकळत लंडनच्या कायद्यावर पाडतो. त्यामुळे बंड करणारा शेतकरी आपल्याला आपोआप मागासलेला दिसू लागतो. मला तो तसाच दिसत होता.

मोरबाथ या गावाचं नाव तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. डेव्हनच्या उत्तरेकडे एक्समूरच्या कडेला, तेहतीस उंबऱ्यांचं गाव. तिथला धर्मगुरू क्रिस्टोफर ट्रायके 1520 मध्ये आला आणि 1574 पर्यंत, चौपन्न वर्षं, तिथेच राहिला. हेन्री, एडवर्ड, मेरी, एलिझाबेथ, चारही राजवटी त्याने त्याच वेदीपाशी पाहिल्या. तो गावच्या चर्चचा जमाखर्च लिहीत असे आणि तो शिल्लक आहे. चर्चच्या मालकीच्या मेंढ्या होत्या. त्या गावकरी आपापल्या कळपात वाढवत आणि लोकरीचे पैसे संतांपुढच्या दिव्याला जात. तरुण पोरांचा एक निधी, पोरींचा वेगळा. वर्षातून एकदा बिअर काढून गावजेवण करायचं, उरलेले पैसे चर्चला. मृतांच्या मिस्सेसाठी काळी वस्त्रं घ्यायची म्हणून हा धर्मगुरू वीसएक वर्षं पैसा पैसा साठवत होता. आपल्याकडच्या कुठल्याही ग्रामदैवताच्या जत्रेची वही उघडली तर हिशेब याहून फारसा निराळा दिसणार नाही. राजाच्या हुकुमांनी ही घडी दोन-तीन वर्षांत विस्कटली. निधी बंद, मेंढ्या विकल्या, मूर्ती गेल्या. त्यात 1549 मध्ये मेंढ्यांवर नवा कर बसला. आणि त्याच वर्षीच्या हिशेबात पाच तरुणांना खर्चाला पैसे देऊन डेव्हनमधल्या एक्सिटर शहराजवळच्या छावणीत पाठवल्याची नोंद आहे. ती छावणी बंडखोरांची होती, असा अलीकडच्या अभ्यासकांचा अर्थ आहे. म्हणजे गावाने ठरवून, वर्गणीतून, आपली पोरं राजाविरुद्ध धाडली. धर्मगुरूने ते सुवाच्य अक्षरात लिहूनही ठेवलं.

बंडाचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. कॉर्नवॉलमधून बॉडमिनला जमलेले लोक हंफ्री अरुंडेलच्या नेतृत्वाखाली डेव्हनकरांना येऊन मिळाले. पुढे ख्रिस्ताच्या पाच जखमांचं निशाण. क्रेडिटन गावात राजाच्या माणसांनी धान्याची कोठारं पेटवून दिल्यावर आणखी लोक सामील झाले. 2 जुलैपासून पाच आठवडे त्यांनी एक्सिटर शहराला वेढा घातला. शहरात अन्न संपलं, लोक कोंड्याची भाकरी आणि घोड्याचं मांस खाऊन राहिले. शहरातले बहुसंख्य लोक स्वतः जुन्याच, म्हणजे कॅथलिक, धर्माचे होते. तरी त्यांनी राजाशी इमान राखून दरवाजे उघडले नाहीत. वेढ्यात स्वतः अडकलेला जॉन हूकर हे सगळं लिहून गेला आहे आणि तो नव्या, प्रोटेस्टंट धर्माचा माणूस होता, म्हणून त्याचा शब्द इथे जास्त मोलाचा.

राजाकडे या लोकांसाठी पुरेसं सैन्य नव्हतं. स्कॉटलंडच्या लढाईसाठी भाड्याने आणलेले इटालियन बंदूकवाले आणि जर्मन सैनिक राजाचा सेनापती लॉर्ड रसेल याच्या मदतीला धाडले गेले. एक राजा आपल्याच प्रजेने कोणत्या भाषेत देवाला आळवावं हे ठरवायला परदेशी बंदुका वापरतो, ही गोष्ट आपल्या एकाही विद्यार्थ्याला ठाऊक नसावी, याची मला लाज वाटते. 4 आणि 5 ऑगस्टला क्लिस्ट सेंट मेरी गावाच्या परिसरात लढाया झाल्या. मागून शत्रू येतोय या भीतीने हात बांधलेल्या कैद्यांचे गळे कापले गेले. नंतरच्या इतिहासकारांनी त्यांची संख्या नऊशे सांगितली आहे. 6 ऑगस्टला वेढा उठला. शेवटची लढाई पुन्हा सॅम्पफर्ड कोर्टनीलाच झाली, ऑगस्टच्या मध्यात. उन्हाळा संपेपर्यंत मेलेल्यांचा आकडा हजारांत गेला होता.

रॉबर्ट वेल्श या माणसापाशी मला थांबायचं आहे. एक्सिटरच्या वेशीबाहेरच्या सेंट थॉमस चर्चचा तो धर्मगुरू, मूळचा कॉर्नवॉलचा. बंडखोरांतल्या एका तोफवाल्याने तापवलेले गोळे टाकून अख्खं शहर जाळायची तयारी केली होती. वेल्शने त्याला रोखलं. त्यामुळे एक्सिटर वाचलं. याच वेल्शने राजाच्या बाजूची पत्रं नेणाऱ्या एका माणसाला फासावर चढवलं होतं. दोन्ही गोष्टी हूकरच सांगतो. बंड मोडल्यावर वेल्शला त्याच्याच चर्चच्या मनोऱ्यावर साखळदंडाने टांगलं. अंगावर मिस्सेची वस्त्रं, भोवती पवित्र पाण्याचं भांडं, घंटी, जपमाळ लटकवलेली. ज्या वस्तूंसाठी लोक उठले होते त्या सगळ्या त्याच्या प्रेताभोवती बांधल्या. विरुद्ध बाजूचा हूकर त्याच्याबद्दल आदराने लिहितो. अरुंडेल आणि इतर पुढाऱ्यांना 27 जानेवारी 1550 ला लंडनच्या टायबर्नला फाशी दिलं.

मी या लोकांना हुतात्मे करा असं म्हणत नाही. त्यांच्या मागण्यांत इंग्रजी बायबल परत घ्या अशीही मागणी आहे. वेदीवरच्या पवित्र साक्रामेंतापुढे, म्हणजे पवित्र भाकरीपुढे, जो नतमस्तक होणार नाही त्याला पाखंडी म्हणून मारा, अशीही आहे. त्यांचा राजा गादीवर असता तर क्रॅनमरसारखे जाळले गेले असते. पुढे कॅथलिक मेरी राणीच्या राज्यात तसंच झालं. क्रॅनमर 21 मार्च 1556 ला ऑक्सफर्डमध्ये जळून मेला आणि आपली मतं मागे घेतल्याच्या कबुलीवर सही करणारा उजवा हात त्याने आधी आगीत धरला. त्याच्या धैर्याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. आणि त्याच 1549 च्या उन्हाळ्यात पूर्वेकडे नॉर्फकमध्ये रॉबर्ट केटच्या मागे हजारो शेतकरी उठले होते. त्यांचं भांडण कुंपणं घालून गायरानं गिळणाऱ्यांशी होतं आणि त्यांच्या छावणीत नव्याच पुस्तकातून प्रार्थना चालत असे. म्हणजे गरीब माणूस तेवढा जुन्या धर्माचा, असंही नव्हतं. ही दोन बंडं शेजारी शेजारी ठेवली तर विद्यार्थी आपोआप विचार करू लागतो.

1536 चा उत्तरेकडचा उठाव, ‘कृपेची यात्रा’ म्हणून ओळखला जाणारा, त्याचा उल्लेख काही पुस्तकांत ओळीभर तरी येतो. त्यामुळे इथे जास्त लिहीत नाही. एवढंच की रॉबर्ट आस्क या वकिलामागे डॉनकास्टरपाशी सुमारे तीस हजार माणसं उभी होती. राजाच्या माफीवर आणि शब्दावर विश्वास ठेवून ती घरी गेली. पुढच्या वर्षी दोनशेहून अधिक जणांना मृत्युदंड झाला. आस्कला जुलै 1537 मध्ये यॉर्कला साखळदंडाने टांगलं. या माफीची आणि त्या शब्दाची गोष्ट त्या एका ओळीत मावत नाही.

या सगळ्याचा आपल्याशी एक धागा आहे आणि तो खरा आहे. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यात 1549 च्या सुमारास जन्मले. जुन्या धर्माचे म्हणून त्यांना मायदेशात जागा राहिली नाही. ते जेझुइट, म्हणजे त्या नावाच्या कॅथलिक संघाचे पाद्री, झाले आणि 1579 मध्ये गोव्यात आले. पुढे आयुष्यभर गोव्यातल्या सासष्टीत राहून त्यांनी मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचलं, ते 1616 मध्ये राशोलला छापलं गेलं. ज्या काळी इंग्लंडमध्ये राजाचा धर्म प्रजेवर लादला जात होता, त्याच काळी गोव्यात पोर्तुगालच्या राजाच्या नावाने देवळं पाडली जात होती. 1583 मध्ये कुंकळ्ळीच्या लोकांनी त्याविरुद्ध हत्यार उचललं. पाच जेझुइट मारले गेले आणि नंतर कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांच्या पुढाऱ्यांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलणी करायला म्हणून बोलावून ठार करण्यात आलं. स्टीफन्स तेव्हा त्याच भागात होते. त्यांना मोरबाथसारख्या गावांची आठवण झाली असेल का, असा विचार माझ्या मनात येतो. कुंकळ्ळीच्या बंडाला आपण बंड म्हणतो, अभिमानाने म्हणतो. सॅम्पफर्ड कोर्टनीला मात्र आपण नावही देत नाही.

म्हणून विनंती. पुढच्या आवृत्तीत ‘धर्मसुधारणा’ हा शब्द जरूर ठेवा, तो आता रुळला आहे. पण त्याआधी एकदा तरी ‘राजाने केलेला धर्मबदल’ असं लिहा. लोकभाषेचं वाक्य ठेवायचं असेल तर त्यापुढे कॉर्निश लोकांचं ते कलम जसंच्या तसं मराठीत द्या. मृत्युदंडाची मागणी करणारं कलमही द्या. मुलांना दोन्ही वाचू द्या. नकाशात लंडनबरोबर एक्सिटर दाखवा. आणि स्वाध्यायात ‘बंडाची कारणे सांगा’ याऐवजी मोरबाथच्या वहीतली ती पाच पोरांची नोंद द्या आणि विचारा, गावाने हे पैसे का दिले असतील?

जागा नाही असं तुम्ही म्हणाल, हे मी जाणतो. हेन्रीच्या सहा राण्यांची चौकट काढली की अर्धं पान मोकळं होतं.

बंडखोरांच्या मागण्यांचं मराठी भाषांतर मी करून ठेवलं आहे. ते तपासून, हवं तसं सुधारून, नावाशिवाय वापरायला माझी काहीच हरकत नाही. कोणीही मागितलं तर त्याच दिवशी पाठवीन.

आपला,
इतिहासाचा एक निवृत्त शिक्षक